एडलीच्या झऱ्यावरची राख

डोर्कस विंटलच्या बोटांना जे कळायचं ते तिच्या डोळ्यांना कळत नसे, आणि त्याबद्दल तिची काही तक्रार नव्हती. तेराव्या वर्षी ती खालच्या ओढ्यावरच्या लोकरी कापडाच्या गिरणीत लागली आणि केस पांढरे झाल्यावर सुटली. मधली सगळी वर्षं तिने एकच काम केलं. उत्तरेकडच्या खिडकीपाशी उतरत्या मेजावर मागावरून आलेलं कापड पसरायचं, त्यावरून तळवा फिरवत जायचं आणि हाताला गाठ लागली की चिमट्याने ती उपसून काढायची. गाठ गेली की तिथे भोक राहतं. मग सुईदोरा घेऊन ते असं विणून टाकायचं, की दुसऱ्या दिवशी आपल्यालाही ते सापडू नये. नव्या पोरींना ती सांगायची, "काढणं कुणालाही येतं गं. काढल्यावर तिथंच बसून राहता आलं पाहिजे."

गिरणीच्या वरच्या बाजूला, बीच नावाच्या उंच झाडांच्या रानात, सेंट एडली नावाचं तिचं गाव होतं. दगडी घरं, एक दारूचा गुत्ता, एक चर्च. वरच्या कुरणात उभं राहिलं तर दूर खाली सेव्हर्न नदी पत्र्याच्या पट्टीसारखी दिसायची. चर्च दुसऱ्याच कुठल्या संताच्या नावाने होतं, आणि त्यात एडलीचा पुतळा नव्हता, काचेवर चित्र नव्हतं. याचं कुणाला नवल वाटलं नाही. एडली चर्चमध्ये राहत नाही, ती झऱ्यावर राहते, हे गावाने धरूनच टाकलेलं होतं. एखाद्या घरातलं माणूस कधी चारचौघांत टेबलावर येऊन बसत नाही, आत चुलीपाशीच खातं, तसं.

एडली कोळसा पाडणाऱ्याची पोर. वय तेरा. देव न मानणाऱ्या लोकांनी तिला रानात जाळलं, आणि तिची राख जिथे पडली तिथून पाणी फुटलं. एवढीच गोष्ट. कुणी ती जास्त लांबवून सांगत नसे.

मे महिन्याच्या पहिल्या रविवारी बायका झऱ्यावर जायच्या. पुरुष जात नसत. ते कुंपणाशी उभे राहून पाइप ओढायचे. वर्षभरात गावात जन्मलेलं प्रत्येक मूल आणायचं. झऱ्याभोवती राखेचं कडं घालायचं. मुलाच्या पायातला मोजा काढून उघडं पाऊल त्या राखेत टेकवायचं आणि म्हणायचं, "एडली, हे आमचं. बघून ठेव." मग तेच पाऊल झऱ्याच्या पाण्यात धुवायचं. पाणी मे महिन्यातही बर्फासारखं असायचं, त्यामुळे मूल किंचाळायचं, आणि बायका हसायच्या. ते किंचाळणं झालं की झालं.

पाऊल टेकवायचं काम विंटलांच्या घराकडे होतं. डोर्कसच्या सासूने ते केलं, सासूनंतर डोर्कसने. गावात चाळिशीच्या आतलं असं कुणी नव्हतं, की ज्याची टाच एकदा डोर्कसच्या मुठीत मावली नव्हती. राखही तिचीच. बाकीच्या घरांत आता दगडी कोळसा आला होता, दोन घरांत विजेची शेगडी. दगडी कोळशाच्या राखेत खडे असतात, ते कोवळ्या कातडीला बोचतात. डोर्कस बीचचं लाकूड जाळायची. हिवाळा संपताना शेवटची राख ती पिठाच्या चाळणीतून दोनदा चाळायची आणि मोरंब्याच्या मोठ्या बरणीत भरून ठेवायची. बोटांत घेतली तर ती राख आहे की रेशीम, हे सांगता येऊ नये, इतकी मऊ.

तिला स्वतःला मूल नाही, असं बाहेरचे लोक म्हणायचे.

मूल झालं होतं. पहिल्या महायुद्धानंतर, एकोणीसशे एकवीस साली, मार्चमध्ये. मुलगा. तो जन्मला तेव्हा श्वास घेत होता, असं सुईण म्हणाली. नव्हता, असं सासू म्हणाली. डोर्कसने स्वतः काही पाहिलं नाही. तिच्या हातात आला तेव्हा तो कोमट होता. बाप्तिस्मा, म्हणजे पाण्याचा संस्कार, झालेला नव्हता, म्हणून तेव्हाच्या पाद्र्याने चर्चच्या आवारात जागा दिली नाही. तो काही दुष्ट माणूस नव्हता. त्याने टोपी काढून हातात धरली होती आणि तो सारखा तिची कड फिरवत होता. नवरा, रूबेन, उठला. त्याने मेणबत्त्यांचं एक खोकं रिकामं केलं, गिरणीतून बाद झालेल्या तांबड्या कापडाचा तुकडा आत घातला, आणि उजाडताना ते खोकं घेऊन झऱ्यावर गेला. तिथे काटेरी हॉथॉर्नचं एक झाड आहे, त्याच्या मुळाशी.

सासू कठोर बाई होती. तिने डोर्कसच्या उशाशी बसून एवढंच सांगितलं, "ती आहे तिथं. एडली. ती पोरंच सांभाळते, दुसरं काम काय आहे तिला? आता रडू नकोस, दूध चढेल डोक्यात."

डोर्कसने ते धरून ठेवलं. श्रद्धा वगैरे मोठा शब्द तिने त्याला कधी दिला नाही. एक तेरा वर्षांची मुलगी आहे, तिच्या कडेवर आपलं मूल आहे. आपणही तेराव्या वर्षी गिरणीत जाण्याआधी शेजारणीचं पोर असंच कडेवर घेऊन हिंडत होतो. यात अवघड काय आहे? रूबेनचा खोकला वाढत गेला आणि एका फेब्रुवारीत तो गेला. त्याला चर्चच्या आवारात व्यवस्थित जागा मिळाली. त्याच्या डोक्याशी दगड आहे. डोर्कस त्या दगडाकडे रविवारी जायची आणि झऱ्याकडे रोज.

मुलाचं नाव त्या दोघांनी ठेवलं होतं. ते रूबेनला माहीत होतं आणि तिला.

*

मिस कॅथरल आली ती एकोणीसशे बासष्टच्या ईस्टरनंतर, सायकलवरून. ती जुन्या नावांवर काम करत होती. गावांची, शेतांची, ओढ्यांची नावं कुठून आली, हे ती शोधायची. तिशीची, उंच, चष्मा सारखा नाकावरून घसरणारा. डोर्कसची मागची खोली तिने भाड्याने घेतली. पहिल्याच संध्याकाळी तिने रुबार्बच्या आंबट देठांची गोड पाई दोनदा वाढून घेतली, आणि डोर्कसला ती आवडली.

"वरच्या त्या खडकाळ शेताला तुम्ही काय म्हणता, विंटलबाई?"

"उपाशी एकर."

"का?"

"पेरून बघ एकदा, म्हणजे कळेल."

"आणि त्याच्या पलीकडचं, निमुळतं?"

"ते तुला नाही सांगणार मी. जेवताना तर नाहीच."

मिस कॅथरल हसली. तिला ऐकायची सवय होती. अशी माणसं डोर्कसने कमी पाहिली होती. शिकलेली माणसं प्रश्न विचारतात आणि उत्तर चालू असताना पुढचा प्रश्न घडी घालून तयार ठेवतात, असा तिचा अनुभव होता. ही मुलगी गप्प बसायची. पुढच्या दिवसांत ती गावोगाव फिरली, परगण्याच्या कचेरीत जुने दस्तऐवज पाहून आली, आणि एक संध्याकाळ अशी आली की ती नेहमीपेक्षाही गप्प होती. पाव, त्यावर लावायची चरबी, कांद्याचं लोणचं समोर होतं. तिने हात लावला नव्हता.

डोर्कसच्या हाताला गाठ लागली.

"आमच्या एडलीचं काही सापडलं वाटतं," ती म्हणाली.

मिस कॅथरलने चष्मा वर सरकवला. "सापडलं."

"मग? सांगायला काय भाडं पडतं?"

"विंटलबाई, एडली नावाची कुणी संत सापडत नाही. कुठेच नाही. आणि गावाचं नाव जितकं मागे जाऊन पाहावं तितका तो 'सेंट' विरघळत जातो. सगळ्यात जुन्या कागदात तो नाहीच. तिथे एक साधा शब्द आहे. त्याचा अर्थ जाळून मोकळी केलेली जागा. लोकांनी रान जाळलं असणार, राहायला, पेरायला. पुढे त्या शब्दाचा अर्थ विसरला गेला आणि लिहिणाऱ्यांना त्यात संत ऐकू आला. अशी आणखीही गावं आहेत. नावापुढे संत लागलेला, आणि आत कुणी नाही."

शेवटचे शब्द तिने हळू उच्चारले होते, पण ते टेबलावर एखाद्या जड वस्तूसारखे पडले.

"म्हणजे तिला जाळली नाही," डोर्कस म्हणाली.

"नाही."

"चांगलं झालं. फार लहान होती." मग म्हणाली, "म्हणजे ती नव्हतीच."

"नव्हती, विंटलबाई."

डोर्कसने किटली उचलली, मिस कॅथरलच्या कपात चहा ओतला, आपल्या कपात ओतला, आणि किटली परत ठेवताना ती जाळीवर न ठेवता टेबलाच्या लाकडावरच ठेवली. सकाळी तिथे एक पांढरं वर्तुळ उमटलेलं होतं.

*

मिस कॅथरलने पाद्र्यांना सांगितलं, कारण त्यांनीही विचारलं होतं. पाद्र्यांनी ते चर्चचा ऑर्गन वाजवणाऱ्याला सांगितलं, आणि तो माणूस संध्याकाळी गुत्त्यात जायचा.

तिथे आठवडाभर त्याच गोष्टीवर हसणं चाललं. कुणी म्हणालं, आता पाटी बदला, 'संत शेकोटी' करा. कुणी म्हणालं, माझी बायको रोज स्वयंपाकात नवा संत जन्माला घालते. पेर्सी हेल, ज्याच्या बायकोचं नाव क्वीनी, म्हणाला की आपण एकशे दहा टक्के पाखंडी गावात राहतो हे ऐकून आपल्याला हलकं वाटतंय, आणि त्याने सगळ्यांना एकेक पेला पाजला. वाईट हेतू कुणाचाच नव्हता. एखादा जुना पलंग मोडला की घरातले हसतात, तसं ते हसणं होतं. झोपायचं कुठे, हा विचार नंतर येतो.

पाद्री मिस्टर पिम डोर्कसकडे आले. नवे होते, तरुण होते, त्यांच्या गळ्याची पट्टी नेहमी एका बाजूने वर आलेली असायची. झऱ्यावरचा तो प्रकार त्यांना कधीच मनापासून पटला नव्हता, आणि आता तो न पटल्याचं आपल्याला बरं वाटतंय, याची त्यांना लाजही वाटत होती.

"मी असं सुचवणार होतो, विंटलबाई, की यंदा आपण चर्चमध्येच काहीतरी करू. मुलांना आणावं, फुलं असावीत. बायकांचं मन मोडायला नको. पण जी नाही तिच्या नावाने प्रार्थना… तुम्हाला माझी अडचण समजते ना?"

"समजते, साहेब."

"तुम्हाला वाईट वाटलं असणार."

"मला वाईट वाटायचं वय राहिलं नाही. केक घ्या."

त्यांनी केक घेतला. तो चांगला झाला होता. डोर्कसला वाटलं, यांना सांगून टाकावं. सांगितलं असतं तर हा भला माणूस लगेच उठला असता, झऱ्यावर जाऊन चार शब्द म्हणाला असता, कदाचित दगडही बसवला असता. आता कायदे तितके कडक राहिले नव्हते. पण मग त्याचा एक विषय झाला असता. लोक टोप्या काढून उभे राहिले असते. आणि टोपीची कड फिरवणारे हात तिने एकदा पाहिले होते.

ती झऱ्यावर जात राहिली. मात्र तिथे आता काय करायचं ते तिला कळेना. आधी ती गेली की काहीतरी बोलायची, मनातल्या मनात, साधंच. आज गारठा आहे, त्याच्या अंगावर घाल काहीतरी. पेर्सी पुन्हा पडला, हसले मी. आता बोलायला तोंड उघडावं तर पलीकडे कुणी नव्हतं. पाणी वाहत होतं, हॉथॉर्नला पांढऱ्या कळ्या आल्या होत्या, आणि कुणी नव्हतं. देव होता, असणारच. पण देव म्हणजे गिरणीच्या मालकासारखा, त्याच्याकडे एका मुलाची गोष्ट घेऊन जावी असं तिला कधी वाटलं नव्हतं. त्याच्याकडे फार मुलं आहेत.

तिला सारखं एकच दिसायचं. कडेवरचं मूल तसंच आहे आणि कड नाहीशी झाली आहे. चाळीस वर्षं तो तसाच उघड्यावर एकटा पडून होता, आणि आपण खुशाल त्याला कुणाच्या तरी अंगावर टाकून गिरणीत गेलो, जेवलो, झोपलो. आई म्हणून जे राखायचं ते एका नसलेल्या पोरीवर सोपवलं.

राख चाळून झाली होती. बरणी फडताळात होती. तिने फडताळाचं दार लावून घेतलं.

*

शनिवारी दुपारी क्वीनी हेल आली. तिने दार ठोठावलं नाही. तिने कधीच ठोठावलं नव्हतं. दोघी एकाच वर्षी गिरणीत लागल्या होत्या आणि वीस वर्षं एकाच मेजाच्या दोन टोकांना बसल्या होत्या. मिस कॅथरल खिडकीशी बसून काम करत होती. क्वीनीने तिच्याकडे एक नजर टाकली.

"ही का ती?"

"ही मिस कॅथरल."

"माझ्या नवऱ्याला एवढा आनंद दिलास, पोरी, की तीन दिवस तो शुद्धीवर नाही," क्वीनी म्हणाली आणि खुर्चीत बसली. "डोर्कस, उद्या किती वाजता?"

"उद्या काही नाही. पिमसाहेबांनी चर्चमध्ये ठेवलंय."

"पिमसाहेबांना मोजे स्वतःचे घालता येत नाहीत, ते पोरांचे काय काढणार? माझ्या नातीची पोर फेब्रुवारीत झाली. तिचा पाय राखेत पडायला हवा."

"तुझ्या घरात राख नाही का?"

"आमच्याकडे विजेची शेगडी आहे, तुला माहितेय ते. टोमणे नकोत."

"कुणाला दाखवायचं, क्वीनी?" डोर्कस म्हणाली. तिचा आवाज वाढला नव्हता, पण मिस कॅथरलचा पेन थांबला. "उभी राहून मी काय बोलू? ती नाही. कधीच नव्हती. मी पोराचा पाय धरून झाडाला सांगू, का पाण्याला?"

"तू आजवर कुणाला सांगत होतीस?"

"तिलाच."

"आम्ही नाही," क्वीनी म्हणाली.

डोर्कसने तिच्याकडे वळून पाहिलं.

"आम्हाला कुठे एवढं होतं त्या एडलीचं?" क्वीनीने हातमोजे काढले, ते मांडीवर एकावर एक ठेवले. "अगं, चाळीस वर्षं आम्ही पोरं घेऊन येतोय तिथे. बाबागाड्या असतात, टोपल्या असतात, चिखल असतो, उभं राहायला जागा नसते. त्या झाडाखाली कोरडी जमीन आहे, एवढी. तिथे कधी कुणी गाडी लावलेली पाहिलीस? कुणाचा पाय पडलेला पाहिलास?"

डोर्कसने हात कमरेच्या फडक्याला पुसले.

"माझ्या पोरीला मी सांगितलं, तिने तिच्या पोरीला. तिथे पाय द्यायचा नाही, ती डोर्कसची जागा आहे. आम्ही तुझ्या तोंडावर बोललो नाही, कारण तू बोलली नाहीस. उगाच कुणाच्या शिवणीत बोट घालू नये. पण माहीत नव्हतं असं समजू नकोस. तुझ्या सासूने माझ्या आईला त्याच दिवशी सांगितलं होतं."

डोर्कसला ती कोरडी जागा दिसली. झऱ्याभोवती बायकांची दाटी, भिजलेले बूट, परकर सावरणं, आणि झाडाखाली तेवढं गवत मोकळं. दरवर्षी दिसायचं ते. तिला वाटायचं, काट्यांमुळे.

"तुझी पोर रडेल उद्या," शेवटी ती म्हणाली. "पाणी फार गार आहे यंदा."

"रडायलाच आणते तिला," क्वीनी म्हणाली आणि उठली. दारातून ती मिस कॅथरलला म्हणाली, "आणि तू, पोरी, खा काहीतरी. वाऱ्यावर उडून जाशील."

क्वीनी गेल्यावर मिस कॅथरल बराच वेळ टेबलावरच्या त्या पांढऱ्या वर्तुळाकडे बघत राहिली.

"मी सांगायला नको होतं."

"मी विचारलं होतं," डोर्कस म्हणाली. "खोटं सांगितलं असतंस तर मला कळलं असतं. हाताला लागतं ते." ती उठून भांडी आवरू लागली. मग पाठमोरीच म्हणाली, "ज्यांनी ते रान जाळलं, त्यांना पोरं असतील?"

"असणारच."

"त्यांतली काही गेलीही असतील."

"बरीच. त्या काळात फार जायची."

"मग ती कुठे पुरली असतील त्यांनी? चर्च तर नव्हतं."

"ते कुणालाच माहीत नाही, विंटलबाई. आणि राखेची ही रीत त्यांची की नंतरची, तेही मला सांगता येत नाही. कुठे काही लिहिलेलं नाही."

"बरं आहे," डोर्कस म्हणाली. "सगळंच कळून काय करायचं आहे?"

त्या संध्याकाळी ती शेगडीपाशी बसून होती, हात मांडीवर, काही न शिवता. एकेचाळीस, तिच्या मनात आलं. मार्चमध्ये त्याला एकेचाळीस पूर्ण झाली असती. हे तिने याआधी कधी मोजलंच नव्हतं, कारण एडलीच्या कडेवर तो वाढत नव्हता. तेरा वर्षांच्या मुलीच्या कडेवर मोठा माणूस मावत नाही. आता कड नव्हती, तेव्हा तो खाली उतरला होता. रूबेनसारखा रुंद असता. थोडा वाकून चालला असता, सगळे विंटल वाकून चालतात. त्याच्या स्वतःच्या पोरांचे पाय तिने धरले असते. अशा माणसाला कुणी सांभाळायची काय गरज? ती त्याच्याकडे पाहत राहिली, आणि पहिल्यांदाच तिला त्याच्यासाठी थंडी वाजली नाही.

*

रविवारी ती सगळ्यांच्या आधी झऱ्यावर पोचली. बरणी उघडली आणि कडं घातलं, सासूने शिकवलं होतं तसं, उजवीकडून, हात न उचलता. मिस कॅथरल मागे पायवाटेवर थांबली होती. तिला जवळ यावं की नाही ते कळत नव्हतं, आणि डोर्कसने तिला बोलावलंही नाही, घालवलंही नाही.

बायका आल्या. यंदा तीनच मुलं होती. नव्या वसाहतीतली एक तरुण बाई, जी गावात पहिल्यांदाच बाळंत झाली होती, बाबागाडी ढकलत झाडाखालच्या कोरड्या जागेकडे निघाली. क्वीनीच्या नातीने तिच्या कोपराला धरून तिला हलकेच वळवलं.  त्या बाईने गाडी चिखलात उभी केली. डोर्कसने ते पाहिलं. आता लक्षात आल्यावर तिला कळलं, हे दरवर्षी असंच व्हायचं.

कुंपणाच्या पलीकडे पुरुष होते. पेर्सी हेलने पाइप पेटवला नव्हता. त्यांच्यात थोडे बाजूला मिस्टर पिम उभे होते. गळ्याची पट्टी वर आलेली होती, आणि त्यांनी आत यायचा प्रयत्न केला नाही.

क्वीनीच्या नातीने आपली मुलगी डोर्कसच्या हातात दिली. पांढरा लोकरी मोजा निघाला. आतलं पाऊल तांबूस होतं, सुरकुतलेलं, आणि धरल्याबरोबर त्याची बोटं पसरली. डोर्कस गुडघ्यांवर बसली. तिने टाच मुठीत घेतली, पाऊल राखेत टेकवलं, आणि थांबली.

म्हणायचे शब्द तिच्या जिभेवर होते, फक्त पहिला नव्हता. तो उपसून निघाला होता आणि तिथे भोक होतं. बायका वाट पाहत होत्या.  मूल राखेत पाय हलवू लागलं, ठसा पुसट व्हायला लागला. डोर्कसची नजर झाडाकडे गेली नाही. ती पावलाकडेच बघत होती.

"एनोक," ती म्हणाली, "हे आमचं. बघून ठेव."

ते नाव तिथे कुणी कधी ऐकलं नव्हतं. मोठ्याने उच्चारल्यावर तिला ते वेगळंच वाटलं, एखाद्या मोठ्या माणसाला हाक मारल्यासारखं.

क्वीनीने एकदा नाक ओढलं. मग तिने नातीच्या पाठीत हलकेच ढोसलं, आणि नात म्हणाली, "एनोक, हे आमचं. बघून ठेव." मागून बाकीच्या बायकांनीही म्हटलं. एकत्र नाही, एकामागून एक, जसं जिला जमलं तसं. नव्या वसाहतीतल्या बाईने, जिला पहिल्या नावाचं काही माहीत नव्हतं आणि दुसऱ्याचंही, अगदी स्पष्ट म्हटलं.

डोर्कसने ओंजळ पाण्यात घातली. पाणी इतकं गार होतं की तिच्या बोटांचे सांधे दुखले. तिने ते पावलावर सोडलं आणि अंगठ्याने टाचेची राख धुऊन काढली, बोटांच्या बेचक्यांतलीही. मूल आधी गप्प होतं, जणू काय झालं ते त्याला ठरवायचं होतं. मग त्याने सगळा जीव एकवटून तोंड उघडलं.

"आवाज पेर्सीवर गेलाय," क्वीनी म्हणाली. "चला, दुसरं आणा."